चव्वेचाळीस गोण्यांची ओळ

आमच्या घरात कांद्याच्या पट्ट्या एका तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. दाराच्या मागे खिळा, खिळ्याला वाकवलेली तार, आणि तारेत वर्षावर्षाच्या पट्ट्या. थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, त्या तारेला कोणाला हात लावू देत नसत. त्या तारेत फॅक्सचा एक गुळगुळीत कागद होता. आता त्यावरची अक्षरं पार उडून गेली आहेत. पण त्या कागदावर काय होतं आणि काय नव्हतं, हे मला पाठ आहे, कारण जे नव्हतं ते माझ्यामुळे नव्हतं.

गोष्ट १९९७ सालच्या जूनमधली. मी तेव्हा टेलिफोन केंद्रावर तंत्रज्ञ होतो. आमच्याच पंचक्रोशीतली तीन-चार छोटी केंद्रं माझ्याकडे होती. खेड्यात फोन येऊन फार वर्षं झाली नव्हती. सी-डॉट ही संस्था १९८४ साली निघाली, तिने खेड्यांसाठी १२८ लाइनींचं केंद्र तयार केलं, वातानुकूलित खोलीवाचून धूळ-उन्हात चालेल असं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्यानंतर हळूहळू आपल्याकडेही खोली-दीड खोलीची केंद्रं उभी राहिली. आमच्या गावचं केंद्र ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत होतं. दारात कडुलिंब, आत बॅटऱ्यांची रांग आणि एक कपाटाएवढं यंत्र. गावात एक पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ होता. चालवणारा गडी एका पायाने अधू, पण हिशेबाला पक्का. त्याने कर्ज काढून फॅक्सचं मशीन घेतलं होतं, आणि वाशीच्या मार्केटातून कांद्याच्या पट्ट्या त्यावर येऊ लागल्या होत्या. पूर्वी ट्रकवाला परत येईपर्यंत वाट बघावी लागे, आता माल विकला त्याच दिवशी कागद हातात.

आप्पांनी त्या हंगामात चाळीतला उन्हाळ कांदा एकशेचार गोण्या भरून वाशीला पाठवला. आडत्या वीस वर्षांचा ओळखीचा. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तो मुंबईहून आला होता, पंगतीत बसून जेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी आली. वर अडतीस गोण्या, भाव, रक्कम. खाली बावीस गोण्या गोल्टी, भाव, रक्कम. मध्ये एक काळपट पट्टा, आणि अगदी तळाला, जिथे बेरीज असते तिथे, दुसरा. अडतीस आणि बावीस साठ. मग चव्वेचाळीस गोण्या गेल्या कुठे?

आप्पा तापट. बूथवरूनच त्यांनी वाशीला फोन लावला. मी त्या वेळी तिथे नव्हतो, पण बूथवाल्याने मला शब्दन् शब्द सांगितला.

“शेठ, वीस वर्षं तुमच्याकडं माल टाकतोय. चव्वेचाळीस गोण्या गिळल्या का?”

तिकडून तो म्हणाला की आप्पा, मी एकशेचारची पट्टी लिहिली आहे, कागद नीट बघा. आप्पा म्हणाले, कागदच बघून बोलतोय. तो म्हणाला, माझ्या समोर मूळ पट्टी आहे. आप्पा म्हणाले, तुमच्या समोर काय आहे ते मला काय ठाऊक, माझ्या समोर साठ आहेत. शेवटी त्याचाही तोल गेला. पुढचा माल दुसऱ्या गाळ्यावर टाका म्हणाला, आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी ट्रकवाला आला. त्याच्याजवळ मूळ पट्टी होती. अडतीस, चव्वेचाळीस, बावीस. बेरीज बरोबर, पैसे बरोबर. मला वाटलं, चला, मिटलं. पण आप्पांनी ती पट्टी ओसरीवर सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, “बघितलं? दम दिल्यावर कसे आकडे आले!”

काकू म्हणाली, “अहो, माणूस तसा नाही तो.” आप्पांनी ऐकलं नाही.

मी फॅक्सचा कागद हातात घेतला आणि ते दोन काळे पट्टे बघितले. माझ्या पोटात काहीतरी हललं.

संध्याकाळी बूथवर गेलो. त्याच्याकडे न नेलेले, चुकून आलेले असे पंधरावीस फॅक्स पडले होते. एकेक उलगडून पाहिला. गेल्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक पानावर पट्टे होते. लहान पानावर एक, मोठ्यावर दोन-तीन. त्याआधीच्या पानांवर एकही नाही. बूथवाला म्हणाला, “पावसाळ्यात लाइन खराब असती ना साहेब.” पण पावसावाऱ्याची खरखर कधी येईल, कधी जाईल, तिचा काही नेम नसतो. एखाद्या पानावर दहा डाग, एखादं कोरं. हे तसं नव्हतं. हे नेमाने येत होतं. आणि तंत्रज्ञाला जी चूक नेमाने येते ती जास्त भिववते, कारण तिच्यामागे कुणाचा तरी हात असतो.

केंद्रावर जाऊन तालुक्याच्या माणसाला फोन केला. म्हटलं, मला एकसारखी शिट्टी सोडून दे. मनगटावरचं घड्याळ समोर धरून कानाला फोन लावून बसलो. शिट्टी सरळ चालली होती. मग मध्येच ‘टक’. घड्याळ बघितलं. पुन्हा शिट्टी. पुन्हा ‘टक’. पंचवीस सेकंद. पुन्हा पंचवीस सेकंद. बोलताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. एवढासा टक बोलण्यात विरून जातो. पण फॅक्सला तो पुरतो.

हे काय होतं ते सांगायचं तर थोडं आतलं सांगावं लागेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चार ओळी सोडून पुढे जावं, पण मला वाटतं शेतकऱ्याला हे इतरांपेक्षा लवकर कळतं.

जुन्या फोनमध्ये आवाजाची लाट जशीच्या तशी तारेतून जायची. नव्या यंत्रात तसं नाही. इथे आवाज एका सेकंदात आठ हजार वेळा मोजला जातो. प्रत्येक मापाचा एक आकडा होतो, तो आकडा ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा आठ खुणांनी लिहिला जातो. आणि एकाच लाइनीवरून तीस माणसं एकाच वेळी बोलतात. एकाच वेळी म्हणजे काय, तर बारीने. आमच्या नाशिक-धुळ्याकडे मोसम आणि पांझरा नद्यांवर फडपद्धत आहे. पाटकरी पाणी एका फडाला देतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि फेरी संपली की पुन्हा पहिल्याला. अगदी तसंच. लाइनीवर बत्तीस बाऱ्या असतात. तीस बोलणाऱ्यांच्या, एक कुणाचा फोन कुठे जोडायचा, कुणी ठेवला अशा निरोपांची, आणि एक निव्वळ खुणेची, की इथून फेरी सुरू झाली. अशा सेकंदाला आठ हजार फेऱ्या. सगळ्या खुणा मोजल्या तर सेकंदाला २०,४८,००० होतात.

आता पाटकऱ्याच्या हातात घड्याळ असतं आणि शेतकऱ्याच्याही हातात असतं. दोन्ही घड्याळं तंतोतंत एक नसली की भांडण ठरलेलंच. तालुक्याचं यंत्र आपल्या ठोक्याने खुणा पाठवतं, गावचं यंत्र आपल्या ठोक्याने त्या उचलतं. मध्ये एक छोटा साठा असतो. विहिरीवर आपण हौद बांधतो ना, मोटर हौदात पाणी टाकते आणि हौदातून पाट चालतो, तसा. मोटर आणि पाट सारखे चालले तर हौदाची पातळी कधी हलत नाही. पण मोटर पाटापेक्षा तसूभर जास्त असेल, तर आज नाही तर उद्या हौद वाहणारच. कमी असेल तर कोरडा पडणारच. फरक किती लहान आहे याने फक्त दिवस पुढे ढकलला जातो.

यंत्राचा हौद वाहायला लागला की यंत्र शहाणपणा करतं. ते चार-दोन थेंब सांडू देत नाही, अख्खी फेरीच टाकून देतं, बत्तीसच्या बत्तीस बाऱ्या. कोरडा पडला तर मागची फेरी पुन्हा एकदा देतं. हे वेडेपणाचं वाटेल, पण विचार करा. अर्धीमुर्धी बारी टाकली तर पुढचे सगळे फड एकेक घर सरकतील, रामाचं पाणी शामाला जाईल आणि तीसही बोलणी विसकटतील. अख्खी फेरी गेली तर मोजणी मोडत नाही. सेकंदाचा आठ-हजारावा भाग तेवढा हरवतो. या निसटण्याला आमच्यात ‘स्लिप’ म्हणत.

आमच्या केंद्राच्या घड्याळात आणि तालुक्याच्या घड्याळात फरक होता दहा लाखांत पाचाचा. दिवसाकाठी अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मनगटावरचं घड्याळ असं चाललं असतं तर आपण ते अभिमानाने मिरवलं असतं. पण हिशेब करा. सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार खुणा, त्यात दहा लाखांमागे पाच, म्हणजे सेकंदाला दहा खुणा जास्त. एक फेरी २५६ खुणांची. पंचवीस सेकंदांत हौद भरला. फॅक्सचं पान पाऊण-एक मिनिट चालतं, त्यात दोनदा टक. आणि फॅक्सच्या मशीनला मध्येच ठोका चुकला की दोनचार ओळी काळ्या होतात किंवा गळतात. त्या दिवशी गळलेल्या ओळीत चव्वेचाळीस गोण्या होत्या.

म्हणून अशा जाळ्यात एकाच घड्याळाचं राज्य असतं. एक मुख्य घड्याळ, बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचं. मुख्य घड्याळासाठी सिझियम धातूच्या अणूचा ठोका धरतात. तो सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० वेळा पडतो आणि १९६७ सालापासून जगभर सेकंदाची व्याख्याच त्यावर बेतलेली आहे. अशा दर्जाची दोन घड्याळं वेगवेगळ्या देशांत आपापली चालली, तरी फार तर बहात्तर दिवसांत एकदा एक फेरी निसटते. दोन देशांचा व्यवहार तेवढ्यावर भागतो. पण एका देशात, एका जिल्ह्यात दोन धनी नकोत. आपल्या मुंबईचंच बघा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं हट्टाने चालवली. एकोणचाळीस मिनिटांचा फरक. गाडी एका वेळेवर, गाव दुसऱ्या वेळेवर.

गावच्या यंत्राने मुख्य घड्याळाच्या मागे चालायचं कसं? त्याच्यासाठी वेगळी तार नसते. ठोका येणाऱ्या खुणांतच दडलेला असतो. बैलाच्या घुंगरांवरून गाडी किती वेगात आहे ते अंधारात कळतं, तसं यंत्र खुणांच्या पडण्यावरून ठोका ओळखून घेतं. मात्र घुंगरं वाजायला हवीत. कुणीच बोलत नाही, सगळे ‘नाही’च ‘नाही’ आले, तर ठोका ओळखायचा कशावरून? म्हणून सलग चार ‘नाही’ आले की पाठवणारं यंत्र मुद्दाम एक खोटी खूण घालतं. ती नेमाबाहेरच्या ढंगाने घातलेली असते, त्यामुळे घेणाऱ्याला ती खोटी हे कळतं आणि ठोकाही मिळतो. ज्याने ही युक्ती काढली त्याचं मला फार कौतुक वाटतं. शांततेतही आपण आहोत हे कळवत राहायचं.

तर लाइनीच्या कार्डावर टाचणीएवढे खटके असत. एका खटक्याने लाइन जाड केबलची की जोडतारेची ते सांगायचं. पहिलीला ७५ ओहम, दुसरीला १२०. आणि एका खटक्याने घड्याळ कुणाचं ते सांगायचं. स्वतःचं, लाइनीवरून आलेलं, किंवा बाहेरून आणून जोडलेलं. गावच्या केंद्राचा नेम साधा होता: खटका लाइनीवर. तालुक्याचं घड्याळ धरायचं. दोन्ही टोकांनी स्वतःचं धरलं तर आमच्यासारखी गत. दोन्ही टोकांनी एकमेकांचं धरलं तर त्याहून वाईट, दोन आंधळे एकमेकांचा हात धरून निघाल्यासारखं. दोघेही म्हणतात मी तुझ्या मागे आहे, आणि दोघेही रानात भरकटतात.

मी यंत्राचं दार उघडून बॅटरीच्या उजेडात खटका बघितला. तो ‘स्वतःचं’ यावर होता.

आणि तो तिथे मीच सरकवला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि लाइनीचं कार्ड जळलं. रात्री भिजत जाऊन मी नवं कार्ड घातलं. तालुक्याकडून त्या रात्री काहीच येत नव्हतं, तिकडचीही लाइन पडली होती. अशा वेळी केंद्र स्वतःच्या घड्याळावर चालवणं भागच असतं, नाहीतर गावातल्या गावात बोलणंही बंद पडतं. म्हणून खटका स्वतःच्या घड्याळावर ठेवला. पहाटे लाइन आली. मी तालुक्याला फोन लावला, हॅलो म्हटलं, तिकडून हॅलो आलं. आवाज लख्ख. मी दार लावलं आणि घरी येऊन भाकरी खाऊन झोपलो. खटका परत सरकवायचं राहून गेलं. पुढे तीन आठवडे एक पिवळा दिवा अधूनमधून लुकलुकत होता. मी तो रोज पाहिला. लाल नव्हता म्हणून सोडून दिला.

त्या संध्याकाळी खटका लाइनीवर केला. शिट्टी पुन्हा मागवली. पाच मिनिटं ऐकली, दहा मिनिटं ऐकली. टक नाही. पिवळा दिवा विझला तो विझलाच. काम एका नखाचं होतं.

घरी जाताना मात्र पाय जड झाले. खरं सांगतो, मनात आलं होतं की गप्प बसावं. पैसे मिळाले होते, लाइन सुधारली होती, नोंदवहीत ‘लाइन दोष दुरुस्त’ लिहिलं की संपलं. आप्पांना कधी कळलं नसतं. आडत्या पन्नास कोसांवर. पण ओसरीवर चार माणसं बसली होती आणि आप्पा पुन्हा तेच सांगत होते, दम दिला म्हणून आकडे आले. ऐकणाऱ्यांतला एकजण म्हणाला, मीही त्याच गाळ्यावर टाकतो, आता बघायला पाहिजे.

मी म्हटलं, “आप्पा, ती ओळ शेठने नाही खाल्ली. ती मी खाल्ली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फडाच्या बाऱ्या, हौद, खटका, पिवळा दिवा, सगळं सांगितलं. हे आता लिहितोय तितकं नीट काही जमलं नाही, अडखळतच सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. बसलेली माणसं हळूहळू उठून गेली. जेवताना आप्पा बोलले नाहीत. मला वाटलं, पुतण्याने चारचौघांत खाली बघायला लावलं याचा राग आला असेल. काकूने मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं.

सकाळी मी केंद्राकडे निघालो तर आप्पा धोतर नेसून, टोपी घालून दारात. “चल, दाव मला ते घड्याळ.”

केंद्रात त्यांना यंत्राचं दार उघडून दाखवलं. ते वाकून बघत राहिले. “घड्याळ कुठाय?” मी सांगितलं, ते दिसत नाही, हा एवढा गारगोटीच्या जातीचा स्फटिक आहे, तो थरथरतो, तेच घड्याळ. “आन खटका?” मी खटका दाखवला. त्यांनी नख पुढे केलं आणि पुन्हा मागे घेतलं. मग विचारलं, “म्हंजी दोघांची घड्याळं खरी होती?” मी म्हटलं, दोन्ही चांगली होती, पण एक नव्हती. ते ‘हं’ म्हणाले आणि बाहेर पडले.

तिथून आम्ही बूथवर गेलो. आप्पांनी वाशीचा नंबर लावायला सांगितला. मी बाहेर थांबायला लागलो तर म्हणाले, आत ये. शेठ फोनवर आल्यावर आप्पा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेठ, मी बोलतोय. पट्टीत चूक नव्हती. आमच्या पोराच्या यंत्रात होती. त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं.”

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पा बराच वेळ ऐकत होते. मग फोन माझ्या हातात दिला. शेठ म्हणाला, “अरे, तुझ्या त्या फोनपायी दोन रात्री मी माझ्या मुनीमाची वही तपासत बसलो होतो. त्याच्यावरच संशय घेतला मी.” मग म्हणाला, मुनीमाला सांगतो. पुढे त्याने काय सांगितलं, मुनीमाने काय मानलं, हे मला कळलं नाही. माझ्या एका खटक्याने तिकडे तिसऱ्याच माणसाची झोप गेली होती, हे मात्र त्या फोनपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

बिलाचे पैसे मी काढले तर आप्पांनी माझा हात बाजूला केला. “खटका तुझा, जीभ माझी,” म्हणाले, आणि कनवटीचे पैसे सोडले.

मी वरिष्ठांना लेखी कळवलं. ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्यानंतर कार्ड बदललं की दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं, ‘खटका?’, आणि परत सरकवल्याशिवाय ते पुसायचं नाही, असा नेम मी स्वतःला लावून घेतला. नोकरीत असेपर्यंत तो पाळला. आता ती कपाटाएवढी यंत्रं बहुतेक ठिकाणी निघून गेली. मोबाइलचा मनोरा गावाच्या माळावर उभा आहे, आणि घड्याळाची गरज संपायच्या ऐवजी वाढली आहे. मनोऱ्यांना एकमेकांच्या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकं नेमकं राहावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते आकाशातल्या उपग्रहांवरून ठोका घेतात. नातू विचारतो, मनोऱ्यावर ती उपड्या वाटीएवढी वस्तू काय आहे? मी सांगतो, तो पाटकरी आहे.

त्या वर्षी आषाढात चाळीतला राहिलेला कांदा त्याच गाळ्यावर गेला. पट्टी फॅक्सने आली. आप्पांनी ती बूथवरच उजेडात धरली, एकेका ओळीवर बोट ठेवून गोण्या मोजल्या, बेरीज तोंडाने केली, आणि घडी घालून बंडीच्या खिशात टाकली. घरी आल्यावर ती तारेत ओवली, जूनच्या त्या दोन काळ्या पट्ट्यांच्या कागदावर.